हजेरीला यावं लागंल

दसरा अजून दोन महिने लांब आहे आणि माझा दसरा आज सकाळी साडेसहालाच खोडला गेला. लाल पेननं. वर पुन्हा एक रेघ, गिरवून.

बायकोचं माहेर विजापूरचं. म्हैसूरचा दसरा बघायचा हे तिनं लग्नाआधीपासून ठरवलेलं, माझ्याशी लग्न करायचं बहुधा त्यानंतर ठरवलं. यंदा मी "बघू" म्हणालो आणि फसलो. हॉटेलवाल्याला फोन केला, तर त्यानं दसऱ्याचा दर म्हणून नेहमीच्या तिप्पट आकडा सांगितला, तोही उपकार केल्यासारखा. राहिलं रेल्वेचं तिकीट. गोलघुमट एक्सप्रेस पंढरपूरहून निघते, सोलापूर-विजापूर करत थेट म्हैसूर. त्यात काही अडचण नाही. अडचण माझ्या आधारमध्ये आहे.

बुकिंग सकाळी आठला उघडतं आणि मोबाइलवरून काढायचं तर पहिला अख्खा दिवस आधार पडताळलेल्यांनाच मिळतो. माझ्या आधारला जोडलेला नंबर मी चार वर्षांपूर्वी सोडला. तो आता बार्शीकडच्या एका गृहस्थांकडे आहे. त्यांना फोन करून म्हटलं, "दादा, एक ओटीपी आलाय का बघता?" ते म्हणाले, "आलाय की. पण ओटीपी कुणाला सांगायचा नसतो." मी म्हटलं, "अहो, माझाच आहे." ते म्हणाले, "सगळे असंच म्हणत्यात." भला माणूस. शेवटी पेरणीपाण्याची चौकशी करून फोन ठेवला.

म्हणून आज पहाटे सव्वापाचला आमच्या सोलापुरातल्या एका आरक्षण खिडकीसमोर जाऊन उभा राहिलो. उभा राहिलो म्हणजे, तसा समज होता. खिडकी बंद, पायरीवर दोन जण पेंगत होते, आणि प्लास्टिकच्या स्टुलावर एक काका. खांद्यावर सोलापुरी चादर घडी घालून टाकलेली, मांडीवर दोनशे पानी वही. वहीवर शाळेचं लेबल: नाव, इयत्ता, विषय. विषयापुढं लिहिलेलं, 'तत्काळ व इतर'.

"नाव?"

सांगितलं.

"कुठं जाऊलालाव?"

"म्हैसूर. दसऱ्याला."

"तारीख?"

"अठरा ऑक्टोबर."

काकांनी माझ्याकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं, आणि लिहिलं. या पाहण्याचा अर्थ मला साडेतीन तासांनी कळला.

"तिसरा नंबर. दर अर्ध्या तासाला हजेरी. काय आहे तिथं म्हैसूरला?"

मला वाटलं माणूस उत्सुक आहे. मी घरी बायकोकडून पाठ झालेलं सगळं म्हणून दाखवलं. विजयादशमीची जंबूसवारी, हत्तीच्या पाठीवर साडेसातशे किलोचा सोन्यानं मढवलेला हौदा, त्यात चामुंडेश्वरीची मूर्ती, राजवाड्यावर लाखभर दिवे, मिरवणूक पार बन्नीमंटपापर्यंत.

"हौदा कोण उचलतंय?"

"हत्ती."

"हत्तीच उचलतंय न्हवं? त्याला काय बघायचं? संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत आमचा नंदीध्वज, एवढी उंच काठी, माणूस उचलतोय. अडुसष्ट लिंगांना फिरवून आणतोय. सात काठ्या. एकाचं पण रिझर्व्हेशन नस्तंय."

यावर काय बोलणार? सिद्धरामेश्वरांच्या गावात राहून नंदीध्वजाविरुद्ध हत्तीची बाजू कशी घ्यायची?

काका स्वतः कुठंही जात नाहीत. मी विचारलं. "मला कुठं जायचंय? शुगर आहे, चालायला येतो." पूर्वी एका गिरणीत टाइमकीपर होते. पाळीला हजारभर माणसांची हजेरी घ्यायचे. गिरणी बंद पडली, चिमणी थंड झाली, हजेरी तेवढी हातात राहिली. हे ऐकून मला गलबलून आलं, आणि तीच माझी चूक झाली. गलबललेला माणूस चहा प्यायला जातो.

टपरी खिडकीपासून पंधरा पावलांवर. सहाची हजेरी मी खणखणीत दिली होती. साडेसहाला हातात ग्लास होता, तोंडात बिस्कीट होतं, आणि ते बिस्कीट भिजून पडू नये या धडपडीत होतो. परत आलो तर लाल रेघ.

"तीनदा पुकारलो," काका म्हणाले.

"अहो, मी समोर होतो! तुम्ही माझ्याकडं बघत होतात!"

"बघितलो की. पण 'हजर' म्हणला न्हाई तुम्ही."

"तोंडात बिस्कीट होतं."

"गिरणीत पण लोक हेच सांगायचे."

मी आजूबाजूला पाहिलं. तोवर बारा-तेरा जण जमले होते. माझ्या नावावर रेघ पडताच त्यातल्या नऊ जणांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता पसरली होती, ती मी अभिषेकानंतर गुरवाच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. ही वही सरकारी आहे का, असं मी विचारलं. एक बाई म्हणाल्या, "शिस्त नको का काही?" मला बारावा नंबर मिळाला.

मग दोन तास बाराव्या नंबरावर उभं राहून काय करायचं? चिडायचं. मला खरंच कळेना, आपण सण कधीपासून असे हप्त्यानं साजरे करायला लागलो? श्रावण आत्ता कुठं लागलाय, गणपती यायचेत, आणि ऑक्टोबरात आईचा गुडघा कसा असेल, साहेब रजा देईल का, पोराची चाचणी कधी लागेल, हे मी आज सांगायचं. पाच जणांची वयं लिहिलेला फॉर्म घामानं मऊ पडलेला. आईला लोअर हवी. वडील असताना आमचा सण म्हणजे कोजागिरीला तुळजापूर. संध्याकाळी जेवून निघायचं, रात्रभर चालायचं, वाटेत कुणीतरी दूध देतं, कुणी केळं देतं. पंचेचाळीस किलोमीटर. वेटिंग नाही, आरएसी नाही, पाय हीच लोअर बर्थ. कुणी साठ दिवस आधी विचारलं नाही, येणार का म्हणून. हे मी बायकोला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "मग चालत जा म्हैसूरला." बरोबर आहे. तिला गेली पंधरा वर्षं मी "बघू" म्हणतोय, ते या हिशेबात मी धरलंच नव्हतं.

पावणेनऊला खिडकीशी पोचलो. फॉर्म आत सरकवला. आतून फॉर्म बाहेर सरकला.

"अठराचं उद्या उघडणार."

"दोन महिने आधी ना? आज अठरा ऑगस्ट."

"साठ दिवस. प्रवासाचा दिवस सोडून. ऑगस्ट एकतीसचा आहे. पुढचे या."

मी एकसष्ट दिवस आधी आलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा कुठंतरी वेळेआधी पोचलो, आणि ते असं.

बाहेर काका वही मिटत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बोटांवर ऑगस्ट-सप्टेंबर मोजू लागलो, तर ते म्हणाले, "एकोणीसपासून धरा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय? पूर्वी एकशेवीस दिवस होते. एक नोव्हेंबर २०२४ पासून साठ झाले. निम्म्यावर आणले बघा." ते अशा सुरात म्हणाले, जणू घरातलं कुणी गेलं.

"मग सव्वापाचलाच सांगायचं ना!"

"तुम्ही विचारला कुठं? तुम्ही हत्तीचं सांगत बसला."

मी काहीतरी फार लागेल असं बोलणार होतो. शब्द जमतही होते. तेवढ्यात त्यांनी वहीचं नवं पान काढलं, समास आखला, वर उद्याची तारीख घातली आणि पेन माझ्याकडं रोखून विचारलं, "लिहू का?"

पान कोरं होतं. एक नंबरची जागा रिकामी होती.

"लिहा," मी म्हणालो.

त्यांनी निळ्या पेननं माझं नाव सावकाश, वळणदार काढलं. "रात्री साडेअकराला पहिली हजेरी. तुम्हाला नाही जमलं तर घरातलं कुणी पाठवा, चालंल. फक्त तोंडात काही नको."