आडवं येणारं पित्त

व्यायाम करायचा म्हटलं की लोकांना आळस आडवा येतो. मला करपट ढेकर येतात. आळशी माणसाला लोक चार शब्द सुनावून मोकळे होतात. छातीत जळजळ होते म्हणून मी चटईवरून उठले, असं सांगितलं तर आधी हसतात आणि मग आवळ्याचा रस सुचवतात. आधीच आंबट असलेल्या माणसाला!

दुखणं तसं साधं आहे. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये एक झडप असते. तिने घास खाली सोडायचा आणि दार लावून घ्यायचं, एवढंच काम. माझी झडप आमच्या सोसायटीच्या रात्रपाळीच्या वॉचमनसारखी आहे, खुर्चीवर हजर पण डोळे मिटलेले. मी ताठ उभी असले तर आम्ल बहुतेक वेळा खालीच राहतं. आडवी झाले, कमरेत वाकले किंवा श्वास रोखून जोर लावला, की ते बिनदिक्कत वर चढतं.

आता मला सांगा, आडवं होणं, वाकणं आणि जोर लावणं वगळलं तर व्यायामात उरतं काय?

डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, जळजळ कमी होईल. म्हणजे वजनासाठी व्यायाम, आणि व्यायाम केला की जळजळ. त्याआधी त्यांनी ईसीजी आणि ट्रेडमिल टेस्ट मात्र करून घेतली. चालताना छातीत जळजळलं तर ते पित्तच असेल असं धरून चालायचं नाही, हृदयही अशीच तक्रार करतं, असं त्यांचं म्हणणं. हृदय ठणठणीत निघालं. मी धापा टाकल्याचा लेखी पुरावा आता फाइलला लावलेला आहे.

मग जिम. तिथल्या पोरसवदा ट्रेनरने थेट क्रंचेस घालायला लावले. "मॅडम, पोटात आग जाणवली पाहिजे!" जाणवली. त्याला हवी होती त्यापेक्षा वीतभर वर. दोरीच्या उड्या मारताना सकाळचे पोहे कुठवर आलेत, हे मी बोट ठेवून दाखवू शकले असते. त्यात ती लेगिंग्ज. पोट आत दाबून आपण सडपातळ दिसतो खरं, पण आत दाबलेलं कुठेतरी जाणारच ना.

त्यापेक्षा सोसायटीच्या हॉलमधला योगवर्ग बरा, असं सगळ्यांचं मत पडलं. हलासनात पाय डोक्यामागे गेले आणि पोट घशाशी आलं. पण खरी परीक्षा शवासनाची. पंख्याची घरघर, बाईंचा मऊ आवाज, "सगळं शरीर सैल सोडा..." माझ्या झडपेने तेवढं लगेच ऐकलं. घशाशी आदल्या रात्रीची पावभाजी आली, वर सोडलेल्या लोण्यासकट. आवंढा गिळला. पुन्हा आली. शेवटी जो ढेकर निघाला त्याने दोन रांगांचं शवासन मोडलं. शेजारच्या काकू डोळेसुद्धा न उघडता म्हणाल्या, "ओवा चाव गं जरा."

राहता राहिली वेळ. खाल्ल्यावर दोन-तीन तास थांबून व्यायाम करावा, हा नियम लोकलने ये-जा करणाऱ्या माणसाने केलेला नाही. मी चर्चगेटहून माहीमला घरी पोचते साडेसातला, भुकेने कासावीस. आधी जेवले तर चालायला दहा वाजतात. आधी चालले तर जेवायला साडेनऊ, आणि जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही म्हणून झोपायला साडेबारा. आणि सकाळी साडेपाचला पाणी येतं.

त्या पाण्यानेच मार्ग दाखवला म्हणायचा. पिंप भरलं की उपाशीपोटी पित्ताची गोळी घ्यायची आणि सरळ शिवाजी पार्क गाठायचं. नाहीतरी गोळीनंतर अर्धा तास खायचं नसतंच. धावायचं नाही, झपझप चालायचं, सैल सलवार घालून. कट्ट्याची एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरते, आणि कट्ट्यावर बसलेले सगळेच वैद्य. कोणी कारल्याचा रस सांगतं. एक आजोबा तर रोज पेपरमिंटची गोळी पुढे करतात. पेपरमिंटने ती झडप आणखी सैल पडते, हे त्यांना सांगून झालं. आता घेते आणि खिशात टाकते. नातवाला होतात.

योगवर्ग मी सोडलेला नाही, वर्षाची फी भरली आहे. बाईंनी माझ्यापुरता वेगळा अभ्यासक्रम काढलाय: सगळे आडवे होतात तेव्हा मी भिंतीशी ताडासनात. वर्गात उभी अशी मी एकटीच, त्यामुळे वरून सगळं स्वच्छ दिसतं. दुसऱ्या मजल्यावरचे काका शवासनात छातीवर मोबाईल धरून शेअरचे भाव बघतात. आणि ओवावाल्या काकू? चक्क घोरतात.