टायर आधी, हे मान्य. पण शॉकअपचं काय?

नमस्कार. पावसाळ्यासाठी बुलेटचे मागचे शॉकअप बदलण्याच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ओल्या रस्त्यावर पकड टायर देतो, शॉकअप नाही, कंपनीच्या इंजिनिअरांनी विचार करूनच शॉकअप दिलाय, सोनेरी डबीवाले (बाजूला तेल-वायूची छोटी टाकी जोडलेले) शॉकअप म्हणजे नाशिकच्या कॉलेज रोडवर मिरवायचं सामान. आणि शेवटी तिरकस प्रश्न: एक इंच लांब घेतले तर खड्डे आणखी कमी लागतील का?

टायरवरून वाद नाही. टायर गुळगुळीत झाला असेल तर शॉकअपचं नावही काढू नका. पण टायर पकड देणार ती रस्त्याला टेकलेला असेल तरच. पावसाळ्यात त्र्यंबकहून जव्हारकडे जाताना रस्ता सलग कुठे असतो? खड्डा, त्यावर खडीचं ठिगळ, पुढे वाहून आलेली रेती. तिथे स्प्रिंग दबते आणि उसळते. ती उसळी आवरणं स्प्रिंगचं काम नाही, आतल्या तेलाचं आहे. सील जाऊन तेल गळलं की प्रत्येक उंचवट्यानंतर चाक क्षणभर अर्धवट टेकलेलं राहतं. कोरड्यात हे खपून जातं, ओल्यात नाही.

ब्रेकचंही तेच. कसारा घाट उतरताना ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, मागचा भाग हलका होतो. रिबाउंड, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारा तेलाचा अडसर, मेलेला असेल तर मागचा भाग झटक्यात वर फेकला जातो आणि नेमकं तेव्हाच मागचं चाक लॉक होतं. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे खरं, पण सिंगल चॅनलवाल्या, म्हणजे एकाच चाकाला एबीएस असलेल्या गाड्यांत ते सहसा पुढच्याच चाकाला असतं. मागचं चाक तुमच्या पायाच्या भरवशावर.

कंपनीने विचार केलाय, नाही कोण म्हणतो? पण एकटा स्वार, डबलसीट, मागे बांधलेलं गॅस सिलिंडर, हे सगळं एकाच शॉकअपात आणि ठरलेल्या किमतीत बसवायचं असतं. शिवाय तो विचार नव्या शॉकअपचा. जुना गेला असेल तर कंपनीचाच नवा बसवा, निम्मं काम होतं. बाहेरचा घ्यायचा तो एकाच कारणासाठी: रिबाउंड वेगळा फिरवता येतो म्हणून. ज्याची डबी नुसती शोभेची आहे, त्याच्याबद्दल तुमचं ‘मिरवायचं सामान’ शंभर टक्के खरं.

तुम्ही सातपूरला कारखान्यात क्वालिटी तपासणीत आहात असं लिहिलंय, म्हणून मोजमापाचं सांगतो. गाडी डबल स्टँडवर घेऊन, मागचं चाक लटकत असताना, एक्सलच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डवरच्या खुणेपर्यंत टेप लावा. मग गाडी चाकांवर उतरवून रेनकोट, बॅगेसकट बसा आणि दुसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. दोन्ही मापांतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश हवा. हालचाल 90 मिमी असेल तर साधारण 23 ते 30 मिमी. आपल्याकडे गॅरेजात ‘कडक करून देतो, लोड घेईल’ म्हणत सी-स्पॅनरने (आकडीसारख्या पान्याने) प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी चकती शेवटच्या खाचेपर्यंत नेतात. एकट्याने, पावसात चालवायची असेल तर नेमकं हेच नको. कडक केलेलं चाक ओल्या ठिगळांवरून उड्या मारत जातं. प्रीलोड मापात ठेवा, रिबाउंड कोरड्यापेक्षा एखाद-दुसरा क्लिक सैल. सैल म्हणजे मेलेला नव्हे: सीट दाबून सोडली की एकदाच वर येऊन थांबली पाहिजे, डोलता कामा नये.

बसवताना एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे दुसरी बाजू स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) धरून ठेवते. शॉकअपच्या टोकाला रबरी बुश असेल तर नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरल्यावर. नाहीतर बुश पिळलेलंच अडकतं आणि लवकर फाटतं. भातलावणीच्या दिवसांत घोटी-इगतपुरीकडे ट्रॅक्टर शेतातला चिखल डांबरावर आणतात, तो चकतीच्या आट्यांत जाऊन बसतो. वाळला की चकती हलत नाही. साध्या पाण्याने धुवा, सीलवर प्रेशर गन नको. शॉकअपच्या रॉडवर गंजाचा ठिपका दिसला तर दुर्लक्ष करू नका, तो प्रत्येक हालचालीला सील खरवडतो.

आता तुमचा एक इंच. खड्डे कमी लागणार नाहीत. मागचा भाग उचलला जाईल, हँडल जास्त चपळ होईल, जे ओल्यात मुळीच नको. चेनचा ताण पुन्हा बघावा लागेल. साइड स्टँडवर गाडी जास्त कलेल, आणि डबल स्टँडवर घेतली तर मागचं चाक जमिनीला टेकेल. मग मापाची टेप लावणार कुठे?