म्हणे ३० दिवसांत काहीही परत! बिल कुठाय पण?

दिवाळीपासून आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. "नवीन ग्राहक कायद्यानुसार कुठलीही वस्तू ३० दिवसांत परत करा आणि पूर्ण पैसे घ्या, बिल लागत नाही, यूपीआयची एन्ट्री बास, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी बेकायदेशीर, दुकानदार नाही म्हणाला तर १९१५ ला फोन करा, लायसन्स लगेच रद्द." आमची मावशी हे वाचून कुर्ता परत करायला गेली, घरी आल्यावर रंग डोळ्यात भरेना म्हणून, काउंटरवरच्या पोराला मेसेज दाखवून भांडली आणि हात हलवत परत आली.

आधी ते ३० दिवस घेऊ. आकडा खोटा नाहीये, तीच तर गंमत आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो जुलै २०२० पासून लागू झाला, त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हणजे काय ते दिलंय आणि त्यात हे ३० दिवस आहेत. पण तिथे लिहिलंय 'सदोष माल'. वस्तूत खोट आहे आणि दुकानदार ती परत घेऊन पैसे देत नाही, तर ती अनुचित प्रथा. मुदत कुठली, तर बिलावर छापलेली, आणि बिलावर काहीच नसेल तरच ३० दिवस. मेसेज लिहिणाऱ्या महाशयांनी 'सदोष' हा एक शब्द उडवला आणि अख्खा कायदा बदलून टाकला.

रंग आवडला नाही, साइज चुकली, सासूबाईंनी नाक मुरडलं, हा काही वस्तूचा दोष नाही. तिथे दुकानाची पॉलिसी चालते, कोण एक्सचेंज देतं, कोण क्रेडिट नोट देतं, टॅग काढलेला नको, साडीला फॉल लावलेला नको वगैरे. पैसे द्यायच्या आधी विचारून घ्यायचं, नंतर वाद घालून उपयोग नसतो.

पाटीचं म्हणणं अर्धं बरोबर. अशी पाटी लावणं किंवा बिलावर छापणं ही अनुचित प्रथा आहे असं ग्राहक आयोगांनी म्हटलेलं आहे, खराब माल गळ्यात मारून त्या पाटीकडे बोट दाखवता येत नाही. पण म्हणून मावशीला न आवडलेल्या रंगाचे पैसे मिळतात असं नाही ना.

आता "बिल लागत नाही", या वाक्यावर माझा खरा राग आहे. त्याच कलमात बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथा धरलीय, ते कशाला मग? जीएसटीत २०० रुपयांच्या आतल्या खरेदीला बिल न देण्याची सवलत दुकानदाराला आहे, पण तुम्ही मागितलंत तर तिथेही द्यावंच लागतं. यूपीआयच्या एन्ट्रीवरून कळतं की अमक्याला ३४५० रुपये गेले, पण त्यात मिक्सर घेतला की इस्त्री, मॉडेल कुठलं, हे कुठे कळतं? जोडपुरावा म्हणून ठीक आहे, बिल म्हणून नाही.

माझंच सांगतो. मिक्सरची मोटर जळाली, वॉरंटी २ वर्षांची, अजून ४ महिने बाकी. बिल अगदी जपून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून किचनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेलं. काढून बघतो तर पांढरा स्वच्छ कागद. सर्व्हिस सेंटरवाल्याने तो ट्यूबलाइटसमोर धरून तिरका करून बघितला आणि हसला. ही बिलं थर्मल कागदावर असतात, त्यात शाई नसतेच, उष्णतेने कागदावरचा लेप काळा होतो, आणि ऊन, तेलकट हात, पीव्हीसीचं पाकीट यांनी अक्षरं उडून जातात. म्हणजे जपलं म्हणूनच गेलं! दुकानात मोबाइल नंबर दिलेला होता म्हणून त्यांच्या कॉम्प्युटरमधून परत प्रिंट मिळाली, नाहीतर बसलो असतो. तेव्हापासून मी काउंटरवर उभ्या उभ्याच बिलाचा फोटो काढतो, मागची बाजूपण, कारण अटी तिथेच असतात. आणि लॅमिनेट करू नका प्लीज, गरम झालं की अख्खा कागद काळा होतो, काकांनी करून बघितलंय.

ऑनलाइन खरेदीला ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत. माल खराब, नकली, वर्णनापेक्षा वेगळा किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आला तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. 'मूड बदलला' तिथेही नाही, ते देतात ती त्यांची पॉलिसी.

राहिलं १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, जरूर करा फोन, तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात, बरेचदा तेवढ्यानेच काम होतं. पण लायसन्स-बियसन्स रद्द करायचा अधिकार तिला नाही. पुढे जायचं तर जिल्हा ग्राहक आयोग, २ वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते तक्रार, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही. आणि तक्रारीला सगळ्यात आधी काय जोडायचं? बिलच.

मावशीचं बिल नंतर तिच्या पर्समध्ये सापडलं. मागे बारीक अक्षरात छापलेलं, "टॅगसह १५ दिवसांत बदलून मिळेल". ती ३० दिवसांच्या भरवशावर आरामात २२ व्या दिवशी गेली होती. कुर्ता आता माझ्या बहिणीकडे आहे, तिला रंग आवडला.