एका वेलीचा पत्ता

जुलै म्हणजे इथे ऑकलंडला ऐन थंडी. त्याच दिवसांत आमच्या मागच्या कुंपणावरची वेल फुलते. पानं जाड आणि चकचकीत. फुलं शेंड्याला येत नाहीत. फणस जसा खोडालाच लागतो, तसे हिच्या जुन्या, लाकूड झालेल्या भागावर घोस फुटतात. सायीच्या रंगाची, हिरवट झाक असलेली, बोटाएवढी नळीदार फुलं. तुई नावाचा काळा पक्षी येतो, फुलात डोकं खुपसतो आणि कपाळाला पराग माखून निघून जातो. आपल्याकडच्या टेटू, पाडळ, मेडशिंगीच्या कुळातलीच ही. शास्त्रीय नाव टेकोमान्थे स्पेसिओसा. माओरीत आकापूकाएआ: आका म्हणजे वेल, पूकाएआ म्हणजे लाकडी तुतारी.

मी ती साध्या रोपवाटिकेतून आणली. या शहरात ती कितीतरी कुंपणांवर दिसते. जंगलात मात्र ती एकच आहे. एक जात नव्हे, एक वेल.

न्यूझीलंडच्या उत्तर टोकापासून पन्नासेक किलोमीटर समुद्रात थ्री किंग्ज नावाची बेटं आहेत. त्यातलं मोठं, मनावाताफी, सुमारे 400 हेक्टरचं. जहाज फुटून कुणी तिथे अडकलंच तर खायला काहीतरी असावं म्हणून 1889 साली चार शेळ्या सोडल्या. पुढच्या पन्नासेक वर्षांत त्यांच्या शेकडो झाल्या आणि बेटाचं रान त्यांनी खरवडून काढलं. 1945 मध्ये जेफ बेलिस नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे गेले, तेव्हा त्यांना ही एक वेल सापडली. पेनान्शिया बेलिसियाना या जातीचं एक झाडही सापडलं, तेही जगात एकच. पुढच्याच वर्षी सुमारे 400 शेळ्या मारून बेट मोकळं केलं. वेलीची छाट कलमं झाली, कलमांपासून रोपं झाली, रोपं घरोघर गेली.

ही गोष्ट मी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोठ्या हौसेने लिहिली, फोटोंसकट. आमचं गाव पाटण तालुक्यात, वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. त्या वेळी गावात सड्यावर वृक्षलागवड करायची चर्चा जोरात होती. माझा एक चुलतभाऊ लगेच म्हणाला, "बघा, ताई सांगते ना! शेळ्या बंद केल्या की जंगल येतं. आपणही चराईबंदी करू, धनगरांना सडा बंद, आणि सगळीकडे झाडं." मोठ्या वाडीवरच्या मंडळींनी अंगठे दाखवले. सड्याच्या पलीकडच्या वस्तीवर चाळीस-पन्नास शेळ्यांवर संसार चालवणारी माणसं त्या ग्रुपवर नव्हती.

मला वाईट वाटलं, कारण दाखला माझा होता आणि तो चुकीच्या जागी लागला होता. मनावाताफीवर त्या चार शेळ्या उतरल्या तेव्हा तिथे शेळ्यांवर जगणारं कुणीही नव्हतं; त्यांच्या दुधावर मोठी होणारी पोरं नव्हती. त्याहून महत्त्वाचं, न्यूझीलंडच्या झाडांना चरणाऱ्या सस्तन प्राण्याची ओळखच नाही. माणूस येण्याआधी इथे जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. आपला सडा शेकडो वर्षं चरला गेलाय. गवत आखूड राहतं म्हणून बारक्या रोपांना ऊन मिळतं. कासच्या पठारावर कुंपण घातलं तेव्हा हाच वाद झाला होता: गुरं थांबली, गवत माजलं, फुलं दबली, असं तिथली माणसं सांगत होती. किती चराई चालेल आणि कुठे नको, हे सड्यागणिक बघावं लागेल. बंदुकीने सुटणारं ते गणित नाही.

आणि झाडं लावायची म्हणजे कसली? गिरीपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी. लवकर वाढते, गुरं सहसा खात नाहीत, फोटोत हिरवी दिसते. 2019 च्या पावसाळ्यासाठी राज्याने 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. तेव्हापासून आकडा हाच पर्यावरणाचा पुरावा झालाय.

आमच्या सड्यावरही एक दुर्मीळ वेल आहे. खरपुडी. लहानपणी मी तिचे कंद गुराख्यांच्या पोरांबरोबर काठीने उकरून खाल्लेत, सोलून, कच्चेच. कंदिलासारखं फूल, म्हणून अभ्यासक तिला कंदीलपुष्प म्हणतात. बारीक माशी नळीतून आत उतरते, आतले केस खाली वळलेले, त्यामुळे तिला वर येता येत नाही. केस कोमेजले की तिची सुटका, अंगावर परागांचं ओझं घेऊन. कंदीलपुष्पांच्या कितीतरी जाती फक्त सह्याद्रीत आहेत, आणि काही तर मोजक्या डोंगरांवर. खरपुडी पावसाळा संपला की जमिनीवर दिसत नाही, नुसता कंद खाली झोपलेला. खड्डे खणतात मे महिन्यात. पहार मारणाऱ्याला कंद दिसणार कसा, आणि दिसला तरी तो बटाट्याएवढाही नसतो.

माझ्या कुंपणावरच्या वेलीकडे बघून मी हेच शिकले. या शहरात तिची रोपं मोजायला बसलात तर आकडा भरघोस येईल. पण ती सगळी एकाच वेलीची लेकरं. उद्या एखादा रोग आला तर सगळ्यांना सारखाच लागणार. म्हणून इथे अजूनही तिची गणना सर्वांत धोक्यातल्या वनस्पतींमध्ये होते, आणि बेटावर परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. न्गाती कुरी या स्थानिक माओरी जमातीचं ते पूर्वापार ठिकाण. मेलेल्या माणसाचा आत्मा उत्तरेच्या टोकावरून समुद्रात उतरतो, मनावाताफीवर वर येतो, तिथल्या सर्वांत उंच जागेवरून देशाकडे शेवटचं वळून बघतो, असं ते मानतात. गाव सोडून सोळा वर्षं झालेल्या बाईला हे ऐकताना काय होतं, ते सांगायला नको.

रोपं तयार करणं वाईट असं मी म्हणत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात श्रीरंग यादव सरांनी कंदीलपुष्पांची रोपं वाढवून ती पुन्हा डोंगरावर नेली, ते मोलाचंच काम. पण परत न्यायला डोंगर तसाच असावा लागतो. आमचं मनावाताफी होईपर्यंत, एकच वेल उरेपर्यंत, थांबायचं कशाला?

गेल्या आठवड्यात दादाशी बोलले. तो निवृत्त शिक्षक, गावात त्याचा शब्द ऐकतात. म्हटलं, वस्तीवरच्या बाबूमामांना घेऊन एकदा सड्यावर जा, खरपुडी कुठे आहे ती जागा त्यांना पाठ असेल. दोघं परवा पावसात जाऊन आले. तीन जागा मिळाल्या. तिसऱ्या जागी वेल एका नव्या उंदीरमारीच्या काठीवरच चढलेली, खड्डा तिच्यापासून वीतभर. मामा म्हणाले, काठी उपटू का? दादा म्हणाला, आज नको. फुलाचा फोटो काढलाय. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मामांनाच बोलायला सांगतो.