साडेतीन हजार का बोललो ते ऐकून घ्या

नमस्कार भाऊ. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आजोबांचं लंडनचं क्लॅरिनेट ऑनलाईन 65 हजाराला दिसतंय आणि आम्ही ते साडेतीन हजाराला मागितलं, वर दुकानात त्याला भंगार म्हटलं, जळगावात कुणी आमच्याकडे वाद्य विकायला जाऊ नका.

आधी भंगारचं. आमच्या मिस्त्रीच्या तोंडून "हाई ते भंगार शे" निघालं हे खरंय, मी शेजारीच उभा होतो आणि त्याला टोकलं नाही. लग्नसराई चालू, तीन बँडवाले ट्रम्पेटचे व्हॉल्व्ह अडकले म्हणून डोक्यावर बसलेले, पण ते काही कारण होत नाही. ज्या वाद्यावर आजोबांनी घर चालवलं त्याला असं बोलायला नको होतं. चुकलं, माफी मागतो.

किमतीच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही.

तुमचं वाद्य नकली नाही हे मी तेव्हाही बोललो होतो. लाकूड अस्सल आफ्रिकन ब्लॅकवूड, म्हणजे आपल्या शिसवाचाच तिकडचा भाऊबंद, आणि चाव्या जर्मन सिल्व्हरच्या, ठोकून घडवलेल्या, स्वस्तातल्या ओतीव चाव्यांसारख्या नाहीत की जरा वाकवायला गेलं की कटकन तुटली. पण वर लंडन कोरलंय यावर जाऊ नका. त्या काळी दुकानदार दुसऱ्याच्या कारखान्यातून माल बनवून घ्यायचे आणि वर स्वतःचं नाव ठोकायचे. नाव वाचून भाव करणारा एकदा तरी फसतोच, मी पण फसलोय.

तुमच्यासमोर वरचा जॉइंट, म्हणजे वाद्याचा सुटा होणारा वरचा तुकडा, घेतला, खालचं तोंड तळहाताने बंद केलं, सगळी भोकं बोटांनी झाकली आणि वरून हवा ओढली, आठवतंय का? चांगला जॉइंट असला तर जीभ चिकटल्यासारखी ओढ बसते आणि तोंड काढलं की पॉप असा आवाज येतो. तुमच्यात सेकंदभरही ओढ धरली नाही. मला आधी वाटलं पॅड, म्हणजे चाव्यांखालच्या भोकं झाकणाऱ्या गाद्या, गेलेत, ते गेलेलेच होते, पण आत बारीक एलईडी सोडला तेव्हा ट्रिलच्या (दोन सूर भराभर आलटूनपालटून वाजवायच्या) चावीपासून खाली भोकापर्यंत केसाएवढी रेघ उजळली. कुणीतरी लाख भरून वरून काळं पॉलिश मारलेलं होतं, काही ठिकाणी लाख गळून पडलेली. चीर नुसती वरवर असती तर काही वाटलं नसतं, भोकात उतरलेली चीर म्हणजे मोठं काम. यात दोष कुणाचाच नाही, तुम्हीच सांगितलं की पेटी वीस वर्षं पत्र्याखाली माळ्यावर होती. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला जातो, लाकूड सुकणार नाही तर काय होणार.

आणि खरा घोळ त्याच्याही पुढे आहे, तो मी गर्दीत नीट समजावला नाही, ती पण माझीच चूक. नावाखाली बारीक अक्षरात एच पी कोरलंय, म्हणजे हाय पिच, चढा सूर. जुन्या ब्रिटिश लष्करी बँडचा ए, म्हणजे ज्या सुरावर सगळी वाद्यं मिळवतात तो, साधारण 452 हर्ट्झला असायचा, 1920 च्या दशकाच्या अखेरीला त्यांनी तो सोडला, आजचा ए 440 ला. फरक जवळजवळ निम्म्या सेमीटोनचा, म्हणजे हार्मोनियमच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराच्या निम्मा. म्हणूनच आमच्या काउंटरवरच्या क्लॅरिनेटशेजारी तुमचं उभं केलं तर बोटभर आखूड दिसलं. बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा छोटा तुकडा, ओढून लांब करू म्हणाल तर मधले सूर उतरतात आणि खालचे चढेच राहतात, सगळं वाद्य एकसारखं खाली येत नाही. पूर्वी सगळा बँडच त्या सुराचा असला की भागायचं, आता बँडच्या प्रत्येक गाडीवर कॅसिओ कीबोर्ड असतो आणि त्याच्यासोबत हे वाजवलं तर नवरदेवाचा घोडा पण मान वळवून बघेल. त्यात चाव्यांची ठेवण अल्बर्ट सिस्टीमची, म्हणजे जुन्या पद्धतीची. बोहमवर, म्हणजे आता चालू असलेल्या पद्धतीवर, शिकलेल्या आजच्या पोरांची बोटं त्यावर बसत नाहीत.

65 हजार हा मागितलेला भाव आहे भाऊ, कुणी दिलेला नाही. मागायला काय जातं. आणि फोटोत बघा, ते बोहम सिस्टीमचं आहे, एच पी नाही, सर्व्हिस केलेलं आहे. तुमच्यात सगळे पॅड, कॉर्क, स्प्रिंग आणि चिरेचं काम धरलं तर खर्चच साडेतीन हजाराच्या वर जातो आणि एवढं करूनही आपल्याकडचा एकही बँडवाला ते घेणार नाही. मी घेतलं असतं ते खरं सांगायचं तर चाव्यांसाठी, जुन्या वाद्यांना स्पेअर लागतात. हे तुम्हाला तोंडावर सांगायला मला जड गेलं म्हणून नुसता आकडा बोलून मोकळा झालो.

त्यामुळे माझं ऐकाल तर मला विकूच नका. जुनी वाद्यं जमवणारा कुणी भेटला तर त्याला एच पी आणि चीर दोन्ही दाखवून विका, तो माझ्यापेक्षा जास्त देईल. घरातच ठेवणार असाल तर पत्र्याखालून काढा, आतून पुसून घ्या, जॉइंट सुटे करून ठेवा, जोडलेले ठेवले की कॉर्क दबतो.

माउथपीसचं टोपण इथंच राहिलंय तुमचं. कागदात गुंडाळून आजोबांच्या आडनावाने ड्रॉवरमध्ये ठेवलंय, गुरुवार सोडून कधीही या, मी नसलो तर मिस्त्री देईल.