बिनातिकीट

आज सकाळी सव्वासात वाजता, माझ्या तोंडात ब्रश असताना, माझ्याच बैठकीत एक टाइल बिनातिकीट पकडली गेली.

पकडली काकाजींनी. काकाजी आमचे शेजारी. सारी नोकरी एसटीत, कंडक्टरकीत गेली. तिकिटांच्या पेट्या जाऊन मशीन आल्या, मग काकाजी रिटायर झाले, पण तिकिटाला भोक पाडायचा तो पंच काही त्यांच्या हातातून सुटला नाही. तो घरी कसा आला, हे गावात कोणी विचारत नाही. पूर्वी बसच्या दांड्यावर टकटक करून गर्दी समोर सरकवायचे. आता गावातल्या टणक वस्तूंवर टकटक करतात. माठ, टरबूज, नातवाचं डोकं. या आठवड्यात माझी फरशी.

आता मागचं थोडक्यात. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडचं, म्हणजे जमीन काळी. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात अशी आक्रसते की शेतातल्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो. कापसाला ती फार मानवते. घराला नाही. बाबांनी 1988 साली कापसाच्या चुकाऱ्यातून, म्हणजे विकलेल्या कापसाच्या पैशातून, शहाबादी फरशी बसवली, पण खालची काळी माती काढून मुरूम भरायचा तो भरला नाही, कारण चुकारा संपला होता. तेव्हापासून आमची बैठक ऋतूप्रमाणे वर-खाली होते. पाहुण्याने पाय हलवला की बशीतला कप वाजतो. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत सौभाग्यवतींनी जाहीर केलं की टाइल्स बसतील, नाहीतर ती माहेरी जाईल. माहेर दोन गल्ल्या पलीकडे आहे, तरी धमकी ती धमकी.

मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, रेती-सिमेंटच्या मसाल्यातच टाका. दोन इंच मसाला, वरून सिमेंटचा घोल, अन् टाइल. माह्या बापानं असंच केलं." जुन्या फरशीवरच दोन इंच चढवले तर दार कापावं लागलं असतं. जुनी उखडायची तर आधी पंधरा दिवस धुरळा आणि मग तो मलबा टाकायचा कुठे, हा नवा वाद.

दुकानातला पोरगा म्हणाला, "सर, उखडायचं कामच नाही. केमिकल." केमिकल म्हणजे पिशवीत मिळणारं, पाण्यात कालवून टाइल चिकटवायचं मिश्रण. चार मिलिमीटर केमिकल, नऊ मिलिमीटरची टाइल, सगळं मिळून अर्ध्या इंचात भागतं. दार वाचतं.

मी आठ दिवस अभ्यास केला. मास्तर माणूस, दुसरं काय येतं. ही गुजरातेतल्या मोरबीहून येणारी चकचकीत टाइल पाणी पीतच नाही. शंभर ग्रॅम टाइलमध्ये अर्धा ग्रॅम पाणीसुद्धा मुरत नाही. सिमेंटच्या घोलाने पकडायचं तर टाइलने थोडं प्यायला हवं. ही निर्व्यसनी. म्हणून तिला केमिकलच लागतं. ते दातेरी थापीने, कंगवा फिरवल्यासारखं, पूर्ण पसरायचं. टाइलखाली रिकामी जागा राहता कामा नये. हे मी वहीत आकृती काढून मिस्त्रीला समजावलं. तो "हो जी, हो जी" म्हणत होता. चौथीतली पोरं याच सुरात म्हणतात, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

डगडगणाऱ्या फरश्या उपटून खाली मुरूम ठोकून घेतला, बाकीच्यांवर केमिकल धरावं म्हणून टाचे मारून घेतले. एवढं एक माझ्या मनासारखं झालं.

मग टाइल बसवायचा दिवस उजाडला. मिस्त्रीने आल्या आल्या सगळ्या टाइल्स टाक्यात भिजत घातल्या. म्हटलं, अरे, ही पाणी पीत नाही. तो म्हणाला, "राहू द्या जी, थंड होते." पुढे त्याने अख्खी पिशवी घमेल्यात कालवली आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटायला बसला. खर्रा घोटणं हे आमच्याकडे घाईने करायचं काम नव्हे. बाहेर ऊन कढत होतं आणि घमेल्यात केमिकलवर दुधासारखी साय धरत होती. साय धरली की पकड गेली, असं पिशवीवरच लिहिलं होतं, मुंगीच्या अक्षरात. मी ते वाचून दाखवलं. मिस्त्रीने त्यात तांब्याभर पाणी ओतलं.

दातेरी थापी भिंतीला टेकून उभी होती. मिस्त्रीने टाइलच्या चार कोपऱ्यांवर चार आणि मधोमध एक असे केमिकलचे पाच लाडू ठेवले, टाइल उलटी केली, रबरी हातोडा हाणला आणि माझ्याकडे पाहून हसला. आठ दिवस मी पद्धत निवडत होतो. तिचे असे पाच लाडू झाले. टाइल्सच्या मध्ये ठेवायचे प्लास्टिकचे स्पेसर पोरांनी गोट्यांसारखे वाटून घेतले, कारण मिस्त्रीच्या मते जोड दिसला तर मिस्त्री कशाचा.

तर आज सकाळी काकाजी आले. चपला बाहेर काढल्या, उंबऱ्यापाशी थांबले आणि बसमध्ये चढल्यासारखी सगळ्या खोलीवर नजर फिरवली.

"किती शिटा हायेत?"

"काकाजी, टाइल्स आहेत. बारा बॉक्स आणले, अठ्ठेचाळीस."

"बरं, बसा मांगं."

मी मागे बसलो. का बसलो, माहीत नाही. काकाजी उकिडवे झाले आणि दाराजवळच्या पहिल्या टाइलवर पंच आपटला. टण्. "फुल." दुसरी. टण्. "फुल." कोपऱ्यावर टण्, मध्ये भद्. काकाजींनी डोळे मिटले, मान तिरपी केली, पुन्हा आपटला. भद्. "हाफ." खिशातून खडू काढून त्यावर अर्धी रेघ मारली. खडू माझ्याच शाळेचा होता, ते वेगळं. भिंतीकडेच्या कापलेल्या पट्ट्यांना त्यांनी "लगेज" म्हणून सोडलं. टीव्हीच्या कपाटाखाली हात जाईना. "तो पासवाला हाये, जाऊ द्या."

असं करत ते समोर सरकत होते आणि मधूनच, मी वाटेत नसतानाही, "समोर सरका, समोर सरका" म्हणत होते. तोवर दारात सहा-सात माणसं जमली. एकाने विचारलं, काय झालं? दुसरा म्हणाला, गुरुजीच्या घरी चेकिंग आलं.

खिडकीखालच्या टाइलवर पंच पडला आणि असा आवाज आला की दारातली गर्दी गप्प झाली. चारही कोपरे भद्, मध्य भद्. काकाजी उठून उभे राहिले. "हे पोकय हाये. पुरी बिनातिकीट." मग माझ्याकडे वळून, दुःखाने, "मोरबीपासून सुखरूप आली बिचारी, अन् तुमच्या घरी पोचून पोकय झाली. गुरुजी, 2023 पासून बायकांले हाफ तिकीट लागू झालं, म्हनून फरशीलेही हाफ चालते का?"

लोक हसले. मीही हसलो, तोंडात पेस्ट होती म्हणून थोडंच.

खरं सांगू, मला हसू आलं नाही. मिस्त्रीला फोन केला तर म्हणाला, केमिकल हलकं होतं. दुकानात फोन केला तर म्हणे, मिस्त्रीने लाडू ठेवले असतील. मिस्त्रीला पुन्हा फोन केला, तर म्हणाला, काळी माती हाये गुरुजी, तिले कोन का करन. दोघांपैकी एकालाही मजुरीतला रुपया परत करायची आठवण झाली नाही. वरून दारातला एक जण म्हणाला, "तुमाले काय जी, पगार हाये. दुसरी बसवून घ्या." हे वाक्य या गावात मी वीस वर्षं ऐकतोय. कूलर जळला तरी पगार हाये, गाय मेली तरी पगार हाये. ज्याला पगार आहे त्याच्या घरात आवाज पोकळ आला तरी त्याला ऐकू येऊ नये, अशी अपेक्षा असते.

दुपारी दिवाण ओढून त्या टाइलवर ठेवला. काकाजी संध्याकाळी आले, दिवाणाखाली वाकले, टकटक केलं आणि म्हणाले, "हायेच अजून." मग चहा घेऊन गेले.

रात्री झोप लागेना. दीड वाजता उठलो, सदऱ्याच्या खिशातलं पाच रुपयांचं नाणं घेतलं आणि अंधारात उकिडवा बसून हळूच वाजवत निघालो. टण्. टण्. भद्. काकाजींनी हिला फुल दिलं होतं. अशा आणखी दोन निघाल्या. चौथीवर नाणं ठेवणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

"अवो, समोर सरका. ते म्या कालच वाजवून पाह्यली."