वापरलेली कार्ट्रिज घ्यावी का?

टर्नटेबलचे महागडे सुटे भाग ऑनलाइन सेकंडहँड घ्यावेत का, असे नाशिकमधले रेकॉर्डप्रेमी स्नेही मला अधूनमधून विचारतात. माझे मत असे आहे की, ज्या वस्तूत केवळ धातू आणि तांब्याची तार आहे, ती वापरलेली खुशाल घ्यावी. पण जिचे सारे मोल हिऱ्याच्या टोकात आणि रबराच्या एका बारीक कड्यात आहे, तिच्या नावाला भुलून पैसे मोजू नयेत.

कार्ट्रिजची, म्हणजे रेकॉर्डच्या खाचांतली कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाची, सुई साधारण ५०० ते १००० तास चालते, असे बहुतेक उत्पादक सांगतात. आधीच्या मालकाने ती किती तास वाजवली, हे तपासण्याचा कोणताही मार्ग आपल्याजवळ नसतो, आणि जाहिरातीत तर प्रत्येक सुई ‘फारच कमी वापरलेली’ असते. आपल्या सराफ बाजारात वापरतात त्या दहापट भिंगातून सुईची वाकडी दांडी किंवा चिकटलेली धूळ दिसेल, पण हिऱ्याची झीज दिसण्यासाठी शंभर-दोनशे पट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणून सुईचा तसा फोटो, समोरून आणि बाजूने, मागावाच. झिजलेली सुई केवळ वाईट वाजते एवढेच नव्हे, ती रेकॉर्डच्या खाचा कायमच्या खरवडते, आणि जुन्या नाट्यगीतांची ती तबकडी पुन्हा मिळेलच असे नाही.

सीलबंद जुन्या मालाविषयीही मी सावध असतो. शूर कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणे थांबवल्यापासून तिच्या मूळ सुयांना भलत्याच किमती सांगितल्या जातात. परंतु सुईच्या दांडीला सावरणारे रबर डबीत पडल्या पडल्यासुद्धा कडक होत जाते, आणि वर्षे जितकी जास्त तितका हा धोका मोठा. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारात, म्हणजे ज्यात सुईसोबत चुंबक हलते त्यात, निदान सुई काढून नवी बसवता येते. मूव्हिंग कॉइलमध्ये, म्हणजे ज्यात तारेचे वेटोळे हलते त्यात, बहुतेकदा ती सोय नसते. कारागिराकडून नवे टोक बसवून घ्यावे लागते, आणि तो खर्च मूळ किमतीत धरूनच सौदा करावा.

याउलट मूव्हिंग कॉइलचा क्षीण संकेत वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर ही सेकंडहँड घेण्याजोगी उत्तम वस्तू आहे. त्यात हलणारा भाग नाही, वीज लागत नाही. फक्त जोडी जुळली पाहिजे: १९६२ पासून चालत आलेली डेनॉन डीएल-१०३ ही मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज सुमारे ०.३ मिलिव्होल्ट देते, ती दहापट वाढवली की ३ मिलिव्होल्ट होतात आणि अॅम्प्लिफायरच्या साध्या फोनो (रेकॉर्डसाठीच्या) इनपुटला तेवढे पुरते. हेडशेल (कार्ट्रिज बसवायचा टोकाचा तुकडा) आणि टोनआर्मची वजनेही निश्चिंतपणे घ्यावीत.

जपानहून मोटर किंवा तिचा वीजपुरवठा मागवणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिथली वीज १०० व्होल्टची, आणि काही भागांत ६० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जमवता येते, पण वारंवारता बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बनवलेली सिंक्रोनस (विजेच्या वारंवारतेप्रमाणे फिरणारी) मोटर आपल्या ५० हर्ट्झवर एक षष्ठांश मंद फिरते, म्हणजे ३३⅓ ऐवजी मिनिटाला सुमारे २७.८ फेरे. पुली बदलल्याशिवाय त्यावर गाणे ऐकवत नाही.

सुईचा रेकॉर्डवर पडणारा भार मोजायला काही जण सोन्याचा बारीक काटा वापरतात. कल्पना वाईट नाही, पण पारडे पोलादी असेल तर मूव्हिंग कॉइलचे चुंबक त्याला ओढून घेते आणि आकडा खोटा येतो. त्यासाठी वेगळा मापक नवाच घ्यावा. तो फारसा महाग नसतो.

टोनआर्मबाबत, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याबाबत, सर्वांत मोठी भीती कुरियरची. मागचे वजन काढून वेगळे गुंडाळलेले, दांडी बांधलेली आणि बेअरिंगवर ताण येणार नाही अशी बांधणी विक्रेत्याने करावी, आणि पेटी बंद करण्यापूर्वी तिचा फोटो पाठवावा, एवढी अट मी घालतो. तो कंटाळा करत असेल तर मी सौदा सोडतो. विक्रेता मुंबईचा असेल, तर पंचवटी एक्सप्रेसने जाऊन, वस्तू समोर वाजवून घेऊन, परतीच्या प्रवासात ती मांडीवर ठेवून आणणे मला अजूनही अधिक खात्रीचे वाटते.